सोनकी, म्हातारी आणि पोटखराबा

हे आपल्या या भागाचं लिखित रूप. लोकलच्या खडखडाटात अर्धा भाग ऐकूच येत नाही अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका पिवळ्या फुलाची आहे. तुम्ही ते नक्की पाहिलंय. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लोहगडावर, विसापूरवर, राजमाचीच्या वाटेवर किंवा टायगर पॉइंटच्या पलीकडच्या माळावर सगळा उतार पिवळा झालेला असतो ना, ती सोनकी. तुमच्या गॅलरीत तिच्यासोबतचा एखादा सेल्फी असेलच. माझ्याकडे अकरा आहेत. नाव मात्र मला सव्विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि माझं आजोळ नाणे मावळात आहे, बरं का. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी सगळी तिथेच गेली. फुलाचं नाव विचारायचं काही सुचलं नाही.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते, कारण त्या चुकीशिवाय हा भाग झाला नसता.

जुलै २०२२. मी ज्या कंपनीत काम करत होते तिथे वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला. जागा हवी होती. मी हात वर केला. म्हटलं, माझ्या मामाचा डोंगराकडेला माळ आहे, अगदी रिकामा आहे, या सगळे. दोन बसेस भरून लोक आले, टी-शर्ट वाटले, ड्रोन उडाला. एका दिवसात आम्ही दीडशे खड्डे खणले आणि गुलमोहर, गिरिपुष्प, काशिद असं जे नर्सरीतून स्वस्तात मिळालं ते लावून टाकलं. संध्याकाळी वडापाव खाऊन सगळे परत. मी खूश. आजी ओट्यावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "माळ रिकामा कुठं होता गं? गवत होतं की. सोनकी येती तिथं."

मी ते कानाआड केलं. सप्टेंबरमध्ये गेले तेव्हा माळाच्या वरच्या अर्ध्या भागात पिवळा गालिचा होता, आणि आम्ही खणलेल्या भागात उघडी माती, पावसाने वाहून आलेले दगड आणि काठीला बांधलेली रोपं. वरून बघितलं तर कुणीतरी चादर फाडल्यासारखी दिसत होती.

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या माझ्या मैत्रिणीने फोटो पाठवला. तिने घरासमोरची हिरवळ काढून तिथे तिकडचं रानफूल लावलं होतं, न्यू इंग्लंड ॲस्टर. जांभळ्या पाकळ्या, मध्ये पिवळी टिकली, त्यावर तीन-चार मधमाश्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाकी फुलं संपत आलेली असताना हे ॲस्टर फुलतं, आणि मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं वाटेत त्याच्यावर मध पिऊन पुढे जातात. तिकडे लोक अंगणात मुद्दाम रानफुलं वाढवतायत, आणि मी आयती वाढलेली खणून टाकली होती.

ॲस्टर म्हटलं की आपल्याला मंडईतला ॲस्टर आठवतो. हारातला, गणपतीच्या मखरातला. तो मूळचा चीनचा, अठराव्या शतकात युरोपात गेला आणि तिथून जगभर पसरला. आपल्या पुण्यातच गणेशखिंडच्या संशोधन केंद्रात त्याच्या 'फुले गणेश' नावाच्या जाती तयार झाल्या, पांढरी, गुलाबी, जांभळी. आणि झेंडू? तो मेक्सिकोकडचा. दसऱ्याला आपण दाराला जे बांधतो ते समुद्रापलीकडून आलंय. या सगळ्यांचं कूळ एकच, सूर्यफुलाचं. आणि त्याच कुळातली आपल्या सह्याद्रीची लेक म्हणजे सोनकी.

या कुळाची एक गंमत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतंच. ती अनेक बारीक फुलांची परडी असते. मधली पिवळी टिकली म्हणजे दाटीने बसलेली नळीसारखी फुलं, आणि कडेची प्रत्येक 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूल. मधमाशीच्या दृष्टीने हे एकदम सोयीचं. एका ठिकाणी उतरायचं आणि चालत चालत वीस-पंचवीस टेबलांवर जेवायचं.

मग मी नाव शोधायला बसले. ऑफिसमध्ये आम्ही एखाद्या कोडच्या ओळीचा इतिहास बघतो ना, कुणी लिहिली, कधी बदलली, तसं. आणि इथे इतिहास सुरू होतो.

सोनकीचं शास्त्रीय नाव आजच्या याद्यांमध्ये सेनेसिओ बॉम्बेयन्सिस असं आहे. जुन्या पुस्तकांत मात्र ती सेनेसिओ ग्रॅहॅमी नावाने सापडते. ग्रॅहॅमी म्हणजे ग्रॅहमची. आता हा ग्रॅहम कोण?

जॉन ग्रॅहम. जन्म १८०५, स्कॉटलंडचा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या आधाराने इकडे आला आणि टपाल खात्यात लागला, मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. म्हणजे दिवसा टपाल, आणि उरलेल्या वेळात झाडं. आपल्या भाषेत साइड प्रोजेक्ट. त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची एक मोठी यादी तयार केली. 'कॅटलॉग ऑफ द प्लांट्स ग्रोइंग इन बॉम्बे अँड इट्स व्हिसिनिटी' हे ते पुस्तक, १८३९ सालचं. पुस्तक छापखान्यात होतं, पानं छापून होत होती, आणि त्याच वर्षी २८ मे रोजी ग्रॅहम वारला. कुठे? खंडाळ्यात. जेमतेम चौतीस वर्षांचा. उरलेलं पुस्तक त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने पुरं केलं.

हे वाचलं तेव्हा मी खरंच लॅपटॉप बंद करून खिडकीबाहेर बघत बसले. कारण खंडाळा आम्हाला माहीत होता तो चिक्की, धुकं आणि एक्सप्रेसवेवरच्या ट्रॅफिकसाठी. ग्रॅहमच्या वेळी रेल्वे नव्हती, ती बोरघाटात आली १८६३ मध्ये. पण घाटातला गाडीरस्ता माल्कमने १८३० मध्ये खुला केला होता. मुंबईचा उकाडा सोसवेना की साहेब लोक त्या रस्त्याने वर यायचे. आणि मे महिन्याच्या अखेरीला खंडाळ्याचा माळ कसा असतो? करपलेला, पिवळट, कुठे कुठे वणव्याने काळा. सोनकी उगवायलाही अजून पाऊस पडायचा असतो. पुढे जोसेफ हूकरने 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' लिहिताना या फुलाला ग्रॅहमचं नाव दिलं, तोवर त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

सोनकीच्या भाऊबंदांची नावं बघा. एक सेनेसिओ गिब्सनी, एक सेनेसिओ डालझेली. ही दोन्ही माणसंही आपल्याच भागातली, म्हणजे इथे नोकरीला असलेली.

अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर. लोणावळा लोकलने तुम्ही रोज पुण्याला जात असाल तर दापोडी स्टेशन लागतं. तिथे नदीकाठी सरकारी वनस्पती बाग होती, माल्कमच्याच काळात सुरू झालेली. गिब्सन तिचा प्रमुख झाला. त्याने १८४७ ते १८५० च्या सुमारास एका देशी चित्रकाराकडून दीडशेहून जास्त वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबर्गच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रं काढून घेणाऱ्या साहेबाचं नाव फुलाला मिळालं. ज्याने एक एक पान, एक एक शीर रंगवली त्या चित्रकाराचं नाव कुणालाही ठाऊक नाही. दापोडीवरून जाताना मला दरवेळी हे आठवतं आणि दरवेळी राग येतो. असो.

१८४७ मध्येच गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डालझेल त्याच्यानंतर त्या जागेवर आला. दोघांनी मिळून १८६१ मध्ये 'द बॉम्बे फ्लोरा' काढलं.

पण माझा लाडका माणूस पुढे आहे. थिओडोर कुक. आयरिश, शिक्षणाने इंजिनिअर. भारतात आला तो रेल्वेच्या कामासाठी, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधायला. तिथून १८६५ मध्ये पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच. १८९३ पर्यंत तो तिथे होता. विश्वेश्वरय्या तिथूनच १८८३ मध्ये पास झाले, म्हणजे कुक प्राचार्य असताना. आणि या पूल बांधणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिलं, १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने. आजही महाराष्ट्रातलं एखादं झाड नक्की कुठलं हे ठरवताना अभ्यासक ते उघडतात. स्कॅन केलेली प्रत फुकट मिळते, फोनवर वाचता येते. बीटेक केलेल्या मुलीने झाडांच्या नादी लागणं म्हणजे करिअर सोडल्यासारखं आहे असं आमच्याकडे एका काकांचं मत होतं. त्यांना मी कुकची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तो रिटायर झाल्यावर लिहायला बसला, तू आधी प्रमोशन घे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एकट्या खंडाळ्यावरही पुस्तक आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले फादर सांतापाव, जन्माने स्पॅनिश, १९४० पासून झेवियर्समध्ये. ते वर्षानुवर्षं खंडाळ्यात येत राहिले, ऋतूमागून ऋतू, आणि १९५३ मध्ये 'द फ्लोरा ऑफ खंडाला' प्रसिद्ध झालं. नंतर ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. एका हिल स्टेशनच्या आसपासचा एवढा बारीक हिशोब! आणि आपण तिथे जाऊन काय बघतो, तर मका आणि वॉटरफॉल. मीही त्यातलीच, उगाच शहाणपणा नको. आपल्या काळातलं सांगायचं तर पुण्याच्या श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री'. तेही पेशाने इंजिनिअर. आता मला शंका येते की हा आजार या व्यवसायातच आहे.

बरं, फुलाला नाव मिळालं, पुस्तकात पान मिळालं. जमिनीचं काय?

मामाचा सातबारा काढला. भातखाचरं आहेत, त्यात इंद्रायणी लावतात. वरकस जमिनीचा एक तुकडा आहे. आणि तो माळ? त्याच्यापुढे लिहिलेलं, पोटखराबा. वर्ग अ. म्हणजे लागवडीला अयोग्य.

हा शब्द आला कुठून? १८३५-३६ च्या सुमारास आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची आणि प्रतवारीची नवी पद्धत बसवली. तीच पुढे मुंबई इलाखाभर गेली. तिचा हिशोब सरळ होता. ज्या जमिनीतून सारा येईल ती कामाची, जिथे नांगर चालत नाही ती वजा. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरंच होतं, कारण खडकावर सारा भरावा लागत नव्हता. पण दोन शतकं कागदावर 'खराबा' वाचून वाचून आपल्याला ती जमीन खरोखरच खराब वाटायला लागली. तारखा जुळवून बघा. ग्रॅहम खंडाळ्यात झाडांची यादी करत होता त्याच दशकात दुसरे साहेब इंदापुरात जमिनींची यादी करत होते. एका यादीत माळावरची फुलं आली, दुसऱ्या यादीत तोच माळ शून्य झाला. आणि मी २०२२ मध्ये दुसरी यादी बरोबर धरून खड्डे खणले.

सोनकी त्याच शून्यावर जगते. कातळावर वीतभर माती, पावसाळ्यात चिंब, उन्हाळ्यात तवा. तिथे मोठं झाड आपसूक येत नाही म्हणूनच तिला ऊन मिळतं. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, तेही असंच कातळावरचं. मावळातल्या सड्यांना तसा मान नाही, त्यांना 'प्लॉट विथ व्ह्यू' म्हणतात.

आता मधमाश्यांचं. मामाच्या वरकस तुकड्यात खुरासणी असते, म्हणजे कारळे. चटणी सगळ्यांनी खाल्लीय, पीक फार थोड्यांनी पाहिलंय. तीही सूर्यफुलाच्याच कुळातली, म्हणजे सोनकीची लांबची बहीण, मूळची इथिओपियाकडची. तिचं असं आहे की स्वतःच्याच परागांनी तिला दाणा नीट धरत नाही. दुसऱ्या रोपाचा पराग लागतो, आणि तो आणून देणार मधमाशी. सातेरी आणि आग्या, दोन्ही येतात. खुरासणी फुलते सप्टेंबर-ऑक्टोबरला. सोनकी तिच्या थोडी आधी सुरू होते आणि मग तिच्यासोबत राहते. माझ्या मामाला हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. तो म्हणतो, "माळ पिवळा झाला का माश्या वर येत्यात, मग खाली उतरत्यात." पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मामाचं ते एक वाक्य मला तरी त्याच दर्जाचं वाटतं.

मग माझी दुरुस्ती सुरू झाली. पहिला प्रयत्न सपशेल फसला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वरच्या भागातली काही रोपं मातीसकट उचलली आणि अर्धी खाली, अर्धी पुण्यात गॅलरीतल्या कुंड्यांत लावली. कुंडीत शेणखत, कोकोपीट, रोज पाणी. म्हणजे प्रेमाने मारली. बुडं कुजली. खाली लावलेली चार दिवसांत माना टाकून बसली. आजी म्हणाली, "तिला खायला घातलं का तू? ती उपाशी असती म्हणून हसती." आजीची ही वाक्यं मी आता फोनमध्ये लिहून ठेवते.

दुसऱ्यांदा बियांवर गेले. सोनकी वाळली की फुलाच्या जागी पांढरा कापूस येतो, प्रत्येक बीला केसांचा झुपका. आपण लहानपणी उडणाऱ्या अशा झुपक्यांना काय म्हणायचो? म्हातारी! आता ऐका. सेनेसिओ हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आलं त्याचा अर्थ आहे म्हातारा. याच पांढऱ्या केसांवरून. मावळातली पोरं आणि रोमचे लोक एकमेकांना न विचारता एकाच नावावर आले. हे कळलं तेव्हा मी रात्री साडेबाराला आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, झोप.

म्हाताऱ्या गोळा करायला फार थोडे दिवस मिळतात. लवकर गेलात तर बी कच्ची, उशीर झाला तर वारा घेऊन गेलेला. दिवाळीच्या आधी दोन शनिवार-रविवार मी कागदी पिशवी घेऊन बसले. प्लास्टिकची नको, दमट होऊन बुरशी धरते. सगळी बी काढायची नाही, निम्मीसुद्धा नाही, आणि घ्यायची ती आपल्याच जमिनीतली. लोहगडावर पिशवी घेऊन जाऊ नका, मंडळी. २०२४ च्या जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर खड्ड्यांच्या जागी पातळ माती पसरली, बी बारीक रेतीत मिसळून वरच्यावर शिंपडलं. खोल पुरलं नाही. खत नाही, पाणी नाही. फक्त सुरुवातीला दाट गवत हाताने थोडं विरळ केलं.

गुरांचं मला टेन्शन होतं. सेनेसिओ वंशातल्या बऱ्याच झाडांमध्ये यकृताला घातक अशी विषारी द्रव्यं असतात, त्यामुळे ती चारा म्हणून कधीच कापायची नाहीत. मामा म्हणाला गुरं तोंड लावत नाहीत, पण दावणीत कापून टाकलेलं वेगळं. म्हणून त्याने त्या पट्ट्यातलं गवत दिवाळीनंतर कापायचं ठरवलं, म्हातारी उडून गेल्यावर. पूर्वी तसंच करायचे म्हणे.

आणि गुलमोहर? दीडशेपैकी बरेच दुसऱ्या उन्हाळ्यातच गेले होते. उरलेल्यांचं काय करायचं यावर माझं आणि माझ्या जुन्या टीममधल्या एकाचं चांगलंच वाजलं. तो म्हणाला, जिवंत झाड उपटणार तू? आम्ही हाताने लावलंय. मलाही हात धजावला नाही. शेवटी मामाने रोपं उचलून बांधावर आणि घरामागे हलवली. काही जगली. झाडांशी माझं भांडण नाही. माळावर खड्डे खणण्याशी आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये खणलेल्या भागात एकतीस रोपं फुललेली मोजली. वरच्या भागात मोजता येत नाहीत इतकी आहेत, म्हणजे एकतीस ही काही फुशारकी मारायची संख्या नाही. दगडांच्या मधे मधे, टिचभर टिचभर. एकावर सातेरी बसलेली होती. फोटो हलला.

जाता जाता खरी अडचण सांगते, कारण त्याशिवाय हा भाग खोटा होईल. त्या माळाला गिऱ्हाईक आलंय. वरून धरणाचं पाणी दिसतं ना. मामाच्या धाकट्या मुलीचं शिक्षण आहे, घराचं छप्पर गळतंय, आणि मी आयटीतला पगार घेऊन त्याला "विकू नका" म्हणणारी कोण? मी एकदाच विचारलं, "मामा, वरचा तुकडा तरी ठेवाल का?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दलाल म्हणतो तो पोटखराबा आहे, त्याचा भाव कमीच येणार. त्या भावात द्यायचा असंल तर ठेवलेलाच काय वाईट?"

मोजणी मार्चमध्ये आहे. बियांची पिशवी आजीच्या फडताळात आहे, मिठाच्या बरणीशेजारी. काय झालं ते सांगेन. तोवर तुमच्या आजोळी या फुलाला काय म्हणतात ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात.